बँकॉकहून एका दिवसात स्पून-बिल्ड सँडपायपर: पाक थालेच्या मिठागरांची सविस्तर माहिती

खाजणवाटा

बँकॉकमध्ये नोकरीसाठी आलेल्या पक्षीवेड्या मंडळींचा दर हिवाळ्यात एकच प्रश्न असतो: पहाटे निघून संध्याकाळपर्यंत घरी परतायचं, एवढ्यात स्पून-बिल्ड सँडपायपर बघून होतो का? होतो. पण भरतीची वेळ, उन्हाची दिशा आणि नेमकी जागा या तिन्ही गोष्टी जुळवून निघायला हवं. सगळी माहिती एकत्र असावी म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

पक्षी चमच्यासारख्या टोकाच्या चोचीचा, १४ ते १६ सेंटिमीटरचा, आपल्याकडच्या छोट्या टिलव्याहून जेमतेम मोठा. वीण रशियाच्या अतिपूर्वेला, चुकोत्का आणि कामचात्काच्या उत्तर भागातल्या किनाऱ्यालगतच्या टुंड्रात. तिथून पीत समुद्राच्या चिखलपट्ट्यांवर थांबत तो हिवाळ्यासाठी म्यानमार, बांगलादेश, थायलंड, व्हिएतनाम आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यांवर उतरतो. एका बाजूचा प्रवास ८००० किलोमीटरच्या घरात. २००८ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि जगातले प्रौढ पक्षी काही शेकड्यांतच उरलेत. कारणं दोन, आणि दोन्ही माणसाची. पीत समुद्राच्या काठाचे चिखलपट्टे भराव घालून बुजवले गेले. दक्षिण कोरियातल्या सेमांगमचा समुद्रबांध २००६ मध्ये पुरा झाला तेव्हा एक मोठा थांबा कायमचा गेला. आणि हिवाळ्याच्या मुक्कामी खाण्यासाठी पाणपक्षी पकडायला लावलेल्या जाळ्यांत हाही अडकत आला.

जागा: फेचबुरी प्रांतातलं पाक थाले, तालुका बान लेम. थायलंडच्या आखाताचा वायव्य कोपरा. बँकॉकच्या मध्यभागापासून अंतर साधारण ११० ते १२० किलोमीटर. बर्ड कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ थायलंडनं रेनफॉरेस्ट ट्रस्टच्या मदतीनं इथली सुमारे ५० राय, म्हणजे ८ हेक्टर, मिठागराची जमीन विकत घेऊन ती पक्ष्यांसाठी राखली आहे. भोवतीची बाकी मिठागरं खाजगी आणि चालू आहेत.

मोसम ऑक्टोबरअखेर ते मार्च. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात भरवशाचे. संख्या मात्र एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते, हे मनाशी पक्कं धरून निघा. हजारो किनारपक्ष्यांतून एखाद-दुसरा वेचून काढायचा आहे.

नोनथबुरीकर

छान धागा. प्रवासाचं मी लिहितो.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल तर पहाटे साडेचारला बँकॉक सोडा. रामा २ रस्ता, म्हणजे महामार्ग ३५, धरून समुत साखोन आणि समुत सोंगख्राम ओलांडायचं. पुढे थेट वांग मनाओपर्यंत जाऊन फेटकासेम महामार्गाला लागू नका, लांबचा वळसा पडतो. ख्लोंग खोनला डावीकडे वळून किनाऱ्याच्या रस्त्यानं बांग ताबून, बान लेम आणि मग पाक थाले. हा रस्ता दोन्ही बाजूंनी कोळंबीची तळी, तिवरं आणि मिठागरं यांमधून जातो. पहाटे पावणेदोन तास, फार तर दोन.

रामा २ वर उन्नत मार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. मार्गिका अचानक कमी होतात आणि रात्री काही पट्टे बंद ठेवतात. आदल्या रात्री नकाशावर रस्ता बघितला तरी निघताना पुन्हा बघा.

वार निवडताना शनिवार घ्या. रविवारी दुपारी तीननंतर हुआ हिन आणि चा-आमला गेलेली सगळी गर्दी बँकॉककडे परतत असते आणि दोन तासांचा रस्ता सहज चारचा होतो. शनिवारी पहाटे पाचच्या आत शहराबाहेर पडलात तर जाताना मोकळं, आणि संध्याकाळी तुम्ही गर्दीच्या उलट्या दिशेनं येता. जोडून सुट्टी आलेला शनिवार टाळा.

थायलंडमध्ये गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे आपल्याला अवघड जात नाही. भारतातून आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणलेला बरा, गाडी भाड्यानं देणारे तो मागतात. मुक्काम लांबला असेल तर थाय परवाना काढून घ्या.

गाडी नसेल तर दक्षिण बसस्थानक, साय ताय माय, इथून फेचबुरी शहरापर्यंत व्हॅन मिळते. रेल्वेही आहे, पण तीन तासांच्या आसपास लागतात आणि सकाळचा उजेड हातचा जातो. फेचबुरी शहर ते पाक थाले आणखी साधारण २० किलोमीटर. इथे लोक फसतात ते परतीला: ॲपवर जायची टॅक्सी मिळते, मिठागराच्या मधोमध परतीची मिळत नाही. शहरातूनच गाडी थांबून राहण्याच्या बोलीनं ठरवा. तास किती, पेट्रोल कोणाचं, जवळच्या लेम फाक बियाला वळायचं का, हे आधी बोला. ड्रायव्हरला "ना क्लुआ, पाक थाले" सांगितलं की मिठागर समजतं. पक्ष्याचं नाव थायमध्ये "नोक छाय लेन पाक छॉन". शिवाय नकाशावरची खूण त्याच्या फोनवर पाठवून द्या, म्हणजे गावात नेऊन सोडणार नाही.

अनुराधा_समुत

नवीनच बदली होऊन आलेय. भरतीचं कुणी नीट सांगेल का? मुंबईला उरणला जाताना तिथीवरून काढायचो. इथे तसंच?

खाजणवाटा

ताई, तो हिशोब इथे विसरा. कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, कारण आपल्याकडे दिवसातल्या दोन भरत्या बऱ्याचशा नियमित येतात. थायलंडच्या आखातात भरती मिश्र स्वरूपाची आहे. दोन भरत्यांची उंची सारखी नसते, काही दिवशी तर एकच मोठी भरती ठळक असते आणि दुसरी जेमतेम जाणवते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण धरून गेलात तर वेळ चुकते. थायलंडच्या नौदलाचा जलसर्वेक्षण विभाग भरतीचे तक्ते काढतो, त्यातलं जवळचं ठिकाण बघा. भरतीच्या कुठल्याही चांगल्या ॲपमध्येही मिळेल, पण ठिकाण फेचबुरीच्या किनाऱ्याचंच निवडा.

आता भरती कशाला बघायची ते. पाक थालेच्या बाहेरचा किनारा म्हणजे सपाट चिखल. उतार इतका कमी की ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि पक्षी त्या अख्ख्या पट्ट्यावर विखुरतात. दुर्बिणीतून ठिपके दिसतात, बस. भरती चढू लागली की चिखल झाकला जातो आणि तेच पक्षी थव्याथव्यानं बांधाच्या आत मिठागरात येतात. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी तुम्ही जागेवर उभं असायला हवं. थवे येताना कुठे उतरतात ते बघून ठेवलं की पुढची शोधाशोध अर्धी होते. भरती उतरायला लागली की मोठे पक्षी आधी निघतात, लहान टिलवे थोडे रेंगाळतात.

स्पून-बिल्ड ओहोटीलाही वाफ्यातच चरताना दिसू शकतो, कारण राखलेल्या वाफ्यांत पाण्याची पातळी त्याच्या सोयीची असते. पण एकच दिवस हाताशी असेल तर पूर्ण भरती सकाळी सात ते दहा किंवा दुपारी तीन ते सहा यांमध्ये पडेल असाच शनिवार निवडा. रात्रीची भरती आणि भर दुपारची ओहोटी असलेला दिवस सोडून द्यावा.

दूरदर्शी

उन्हाबद्दल लिहितो, कारण भरती जुळूनही काही दिसत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा ऊन असतं.

फेचबुरीचा किनारा पूर्वाभिमुख आहे. समुद्र पूर्वेला, रस्ता पश्चिमेला. सकाळी रस्त्याकडून समुद्राकडे बघितलंत की सूर्य थेट डोळ्यांवर आणि सगळे टिलवे काळे. सकाळी शक्य तिथे वाटेनं समुद्राच्या बाजूला जाऊन पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य पाठीवर घेऊन बघा. दुपारनंतर उलट. रस्त्याच्या बाजूनंच उजेड छान पडतो.

दुसरा शत्रू म्हणजे तापलेल्या वाफ्यांवरून उठणारी वाफ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान उगवतो. साडेनऊ-दहाला हवा थरथरायला लागते आणि तीनपर्यंत तशीच राहते. या वेळात ६० पट मोठं करून बघण्यात अर्थ नाही, पक्षी पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलतो. २५ ते ३० पटीवर या आणि अंतर कमी असलेल्या वाफ्यावर लक्ष ठेवा. सूर्यास्त सहाच्या मागेपुढे, त्यामुळे संध्याकाळचा चांगला वेळ दोन-अडीच तासच आहे.

उपकरण: ८० मिलिमीटरचा, २० ते ६० पट स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एकनळी दुर्बीण. हा नसेल तर जाऊ नका असं म्हणणार नाही, पण पक्षी ४० ते ८० मीटरवर असतो आणि ८×४२ च्या दुर्बिणीतून टिलव्यांच्या थव्यात तो सोडवणं फार कठीण. हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, खाली बसून बघा. मधला दांडा तर अजिबात वर काढू नका, सगळी थरथर तिथूनच येते. आणि घरी आल्यावर ट्रायपॉडच्या सांध्यांवरून गोड्या पाण्याचं फडकं फिरवा. खारं पाणी आणि बारीक माती आत राहिली की दोन-तीन महिन्यांत पकडी घट्ट होऊन बसतात.

टिलवा_प्रेमी

ओळखण्याबद्दल लिहितो. नवे लोक चोच शोधत बसतात आणि दिवस घालवतात.

बाजूनं बघितलं तर चमचा दिसत नाही. चोच साधी, काळी, सरळ, फक्त टोकाशी किंचित जाड वाटते. चमचा दिसतो पक्षी समोरून येतो किंवा मान वळवतो तेव्हा, आणि तो क्षण सेकंद-दोन सेकंदांचा असतो. शिवाय चोचीला चिखल लागलेला कुठलाही टिलवा चमच्यासारखा दिसू शकतो. म्हणून आधी चाल बघा.

पाक थालेला थव्यात सर्वात जास्त भरणा रेड-नेक्ड स्टिंटचा असतो. आपण महाराष्ट्रात सवय केलेला छोटा टिलवा इथे अपवादानं दिसतो. रेड-नेक्ड स्टिंट पाय आखूड, अंग लांबोडकं, आणि चरतो कसा? टक, टक, टक. चोच खाली-वर, शिवणयंत्राच्या सुईच्या वेगानं, तीन-चार पावलं धावून पुन्हा टक टक. या गर्दीत एखादा पक्षी जर डोकं खाली घालून, चोच पाण्यातच ठेवून, डावी-उजवीकडे हलवत सावकाश पुढे सरकताना दिसला तर तिथेच थांबा. तो चोच बाहेर फारशी काढतच नाही. मधूनच एका जागी चोच थरथरवतो, चिखल ढवळून निघालेलं टिपतो आणि पुन्हा पुढे.

चाल पटली की मग चेहरा. हिवाळी पिसाऱ्यात कपाळ आणि भुवई रेड-नेक्ड स्टिंटहून ठसठशीत पांढरी, गालावर गडद डाग, डोकं अंगाच्या मानानं मोठं. छाती स्वच्छ पांढरी, वरची बाजू फिकट करडी. थव्यातला सर्वात पांढरा चेहरा ज्याचा, त्याच्यावर स्कोप लावून मान वळायची वाट बघा.

दगा देणारे आणखी दोघं. सँडरलिंगही खूप पांढरा दिसतो, पण तो मोठा आहे आणि लाटेच्या कडेनं धावण्याची त्याची सवय वाफ्यातही जात नाही. ब्रॉड-बिल्ड सँडपायपरची चोच लांब, टोकाशी खाली झुकलेली, आणि डोक्यावर दुहेरी भुवई.

कुठल्या वाफ्यात बघायचं हेही महत्त्वाचं. मिठागरात पाणी टप्प्याटप्प्यानं पुढे सरकवतात. समुद्राचं पाणी आधी मोठ्या साठवणीच्या तळ्यात, मग तापवण्याच्या वाफ्यांत, आणि सर्वात शेवटी मीठ धरण्याच्या वाफ्यांत. शेवटच्या वाफ्यांत पाणी इतकं खारं असतं की खाद्य उरत नाही. तिथे बसलेले पक्षी फक्त विश्रांती घेतात. स्पून-बिल्ड शोधायचा तो सुरुवातीच्या वाफ्यांत, जिथे पाणी दोन-तीन सेंटिमीटर आणि तळ मऊ चिखलाचा आहे. त्याच्या घोट्यापर्यंत पाणी, हा अंदाज ठेवा. पोटापर्यंत पाणी असलेल्या वाफ्यात शेकाटे आणि पाणटिवळे असतील, हा नाही.

एका वाफ्यावर किमान वीस मिनिटं द्या. डावीकडून उजवीकडे एकेक पक्षी मोजत स्कोप फिरवा, मग उजवीकडून डावीकडे. झोपलेले टिलवे वगळू नका, भरतीच्या वेळी हाही चोच पाठीत खुपसून त्यांच्यातच बसतो. अशा वेळी जाग येईपर्यंत थांबणं एवढाच उपाय.

नोनथबुरीकर

टिलवा_प्रेमी, हे वाचूनच निघायला हवं प्रत्येकानं. वाचनखूण ठेवली.

आगरवाला

मिठागराच्या शिस्तीबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मला सर्वात महत्त्वाचं वाटतं.

बांध मातीचे आहेत. कडेवरून चाललात की कड ढासळते आणि एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात शिरतं. वेगवेगळ्या खारेपणाचं पाणी मिसळलं की त्या माणसाची काही आठवड्यांची मेहनत गेली. बांधाच्या मधोमध चाला, ओल्या बांधावर जाऊच नका. मीठ धरण्याच्या वाफ्याचा तळ रूळ फिरवून घट्ट केलेला असतो. आपल्या आगरांतही तळ चोपून घट्ट करतात, हेतू तोच. त्यात एक पाऊल पडलं तर तिथल्या मिठाला चिखल लागतो. फोटोसाठी कुणीही वाफ्यात उतरू नये. मीठ काढायचं काम साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत चालतं, त्या काळात हातगाड्यांची वाट अडेल अशी गाडी लावू नका.

या लोकांशी नीट वागणं हा सभ्यतेपुरता विषय नाही. मिठाला भाव मिळाला नाही की आगर कोळंबीच्या खोल तळ्यात बदलतात, किंवा स्वच्छ मिठासाठी तळाला प्लॅस्टिक अंथरतात. प्लॅस्टिकच्या वाफ्यात चिखलच नसतो, तिथे टिलव्याला खायला काय मिळणार? जुन्या पद्धतीचं मिठागर चालू राहिलं तरच भरतीच्या वेळी या पक्ष्यांना पाय टेकायला जागा राहते. रस्त्याकडेला मिठाच्या पिशव्या विकायला असतात. घ्या. भांडुप, वसई, उरणकडची आगरं कशी आटत गेली ते आपण पाहिलेलंच आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत: सर्वात जवळच्या पक्ष्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या की तुम्ही जास्तच जवळ आलात. तिथून दोन पावलं मागे. भरतीच्या वेळी उठवलेल्या थव्याला जायला दुसरी जागा नसते, त्यामुळे नुसता उडवला म्हणून नुकसान नाही असं समजू नका. ड्रोन नकोच. आवाज वाजवून बोलावणंही नको.

मेघना_फोटो

४०० मिमीच्या लेन्सनं काही हाती लागेल का? नोंदीपुरता फोटो हवा आहे.

दूरदर्शी

४०० मध्ये पांढरा ठिपका येईल, नोंदीपुरताही चमचा दिसणार नाही. ६०० आणि त्यावर १.४ चा कन्व्हर्टर असेल तर सकाळी साडेनऊच्या आत चालतं. त्याहून स्वस्त आणि चांगला मार्ग म्हणजे स्कोपला फोन लावून व्हिडिओ घेणं. ३० पटीवर ठेवा, फोनमधला झूम वापरू नका, दोन-तीन मिनिटं सलग चालू ठेवा. पक्षी मान वळवतो तो क्षण व्हिडिओत पकडला जातो आणि चौकट नंतर वेगळी काढता येते. फोन बसवायचा अडॅप्टर तुमच्या आयपीसच्या व्यासाचा आहे ना, हे घरीच बघा. फोन हातात धरून वाऱ्यात काही जमत नाही.

जमिनीलगत बसून घेतलेला फोटो चांगला येतो, पण त्यासाठी वाफ्यात उतरायचं नाही, आगरवाल्यांनी लिहिलंच आहे.

खाजणवाटा

पायातल्या खुणांबद्दल. रशियात वीणस्थळी काही पक्ष्यांच्या पायात फिकट हिरवा, दोन अक्षरं किंवा आकडे कोरलेला प्लॅस्टिकचा फ्लॅग, म्हणजे छोटी पट्टी, बसवतात. मेइनिपिल्गिनो गावाजवळ २०१२ पासून अंडी गोळा करून पिल्लं सुरक्षित वाढवून सोडण्याचं कामही झालं, त्या पिल्लांनाही खुणा असतात. फ्लॅग दिसला तर हे लिहा: रंग, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, अक्षरं, आणि दुसऱ्या पायात कडं आहे का. अक्षर नीट वाचता आलं नाही तर अंदाजानं भरू नका, "वाचता आलं नाही" असं लिहा. नोंद स्पून-बिल्ड सँडपायपर टास्क फोर्सकडे पाठवावी. वर्षानुवर्षं तोच पक्षी त्याच मिठागरात येतो का, हे अशाच नोंदींतून कळतं.

निघण्याआधी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पाक थालेची अलीकडची पानं उघडा. नुसत्या आकड्यांऐवजी शेरे वाचा. कुठल्या बांधाजवळ, किती वाजता, भरती होती की नाही, हे लोक तिथे लिहितात. काही दिवस कुणालाच दिसला नसेल तर आठवडा पुढे ढकललेला बरा.

अनुराधा_समुत

खूप आभार. एकच पक्षी बघायला एवढा प्रवास, घरच्यांना कसं समजावू हा प्रश्न आहे :) बाकी काय बघण्यासारखं?

टिलवा_प्रेमी

पाक थालेतच नॉर्डमन ग्रीनशँक. तोही जगभर संकटग्रस्त, आणि इथे हिवाळ्यात थव्यात मिसळून असतो. साध्या ग्रीनशँकशी घोटाळा होतो. नॉर्डमनची चोच बुडाशी जाड आणि पिवळसर, पाय आखूड आणि पिवळट, गुडघ्याच्या वरचा भाग तर फारच थोडा. भरतीला ग्रेट नॉट आणि ग्रे प्लोव्हरच्या थव्यात शोधा. त्याच वाफ्यांत एशियन डाउइचर, फार ईस्टर्न कर्ल्यू, कर्ल्यू सँडपायपर, मार्श सँडपायपर, आणि बांधावर चित्रबलाक.

घरच्यांसाठी आणि तुमच्यासाठीही दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर लेम फाक बिया. तिथे राजाश्रयानं सुरू झालेला सांडपाणी शुद्धीकरणाचा पर्यावरण प्रकल्प आहे. तळी, तिवरं आणि तिवरांतून जाणारी लाकडी पायवाट. लहान मुलांनाही चालता येतं. गावातून होडीनं वाळूच्या जिभेपर्यंत नेतात, तिथे मलेशियन प्लोव्हर आणि व्हाइट-फेस्ड प्लोव्हर मिळतात, कधी चायनीज एग्रेट. होडी ओहोटीच्या फार खालच्या पातळीला निघत नाही, म्हणून वेळ आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्यावी. सकाळची भरती पाक थालेला, मग होडी, मग दुपारी परत पाक थाले असा क्रम बऱ्याचदा जमतो.

काएंग क्राचान राष्ट्रीय उद्यान याच प्रांतात आहे म्हणून ते त्याच दिवसात कोंबायचा मोह होतो. करू नका. ते जंगल आहे, त्याला वेगळा दिवस द्या.

नोनथबुरीकर

खाण्याचं. बान लेमच्या अलीकडे पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह आणि दुकान गाठून घ्या, पुढे मिठागरात सावलीही नाही. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सदरा. बान लेमकडे मासे आणि शिंपल्या उत्तम मिळतात. शाकाहारी असाल तर मात्र डबा बरोबर ठेवा. "किन जे" म्हणालात की मांस-मासे नको हे समजतं, पण भाज्यांतही फिश सॉस असतो आणि लहान टपरीवर वेगळं काही करून द्यायची सोय नसते. पोळी-भाजी, केळी, सातूचं पीठ, काहीही चालेल.

पुडोंगवासी

शांघायला असतो. इकडून एका दिवसात जमेल असं काही?

खाजणवाटा

तुमच्याकडे तर सगळ्यात मोठा थांबा आहे: च्यांगसू प्रांतातलं तियाओझिनी, दोंगताय शहराजवळ. हा किनारा २०१९ मध्ये जागतिक वारसा झालेल्या पीत समुद्र-बोहाय पक्षीक्षेत्रात येतो. भरतीच्या वेळी पक्ष्यांना बसायला तिथे ७२० मू, म्हणजे ४८ हेक्टरचा पट्टा मुद्दाम राखला आहे, सगळे त्याला ७२० म्हणूनच ओळखतात. तुमचा मोसम वेगळा: ऑगस्ट ते ऑक्टोबर. ऑगस्टात आलेले प्रौढ पक्षी अजून विणीच्या तांबूस पिसाऱ्यात असतात आणि तिथेच पिसं बदलतात, त्यामुळे एकाच थव्यात तांबडे, चट्ट्यापट्ट्यांचे आणि पांढरे असे तिन्ही दिसतात.

दोंगतायपर्यंत वेगवान रेल्वे आहे, पुढे किनाऱ्यापर्यंत गाडी लागते. एका दिवसात होतं, पण दगदगीचं. एक रात्र दोंगतायला काढली तर दोन भरत्या मिळतात आणि भर उन्हाळ्याच्या उकाड्यात ते सुसह्य होतं.

कीर्ती_पुणे

बँकॉकला बारा तासांचा थांबा आहे विमानाचा, सुवर्णभूमीला. जमेल का?

नोनथबुरीकर

कागदावर जमतं. सुवर्णभूमीहून साधारण १४० किलोमीटर, शहराला वळसा घालून रामा २, म्हणजे दोन ते अडीच तास. जाऊन-येऊन पाच, विमानतळावर उतरल्यावर एक, परतीला तीन तास आधी. बारातले नऊ गेले, तीन उरले. ते तीन तास सकाळच्या उजेडात आणि भरतीला पडत असतील तरच निघा, आणि गाडी आधी ठरवलेली हवी. दुपारी उतरणार असाल तर नका जाऊ. भारतीयांसाठी व्हिसाचे नियम बदलत असतात, ते तिकिटाआधी बघा. शिवाय १ मे २०२५ पासून आगमनाचं कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, ते तीन दिवस आधीपासून भरता येतं. सामान विमानतळावर ठेवा, स्कोप हातात.

मेघना_फोटो

शेवटचा प्रश्न. तांबूस पिसाऱ्यातला थायलंडमध्ये मिळतच नाही का? एप्रिलमध्ये गेलं तर?

टिलवा_प्रेमी

मार्चअखेरीस उशिरा थांबलेल्या एखाद्या पक्ष्याच्या गळ्याशी आणि चेहऱ्यावर तांबूस झाक यायला लागते. पण तोवर बरेचसे निघून गेलेले असतात. म्हणजे रंगासाठी गेलात तर पक्षी चुकण्याची शक्यता वाढते. पहिल्यांदा बघायचा असेल तर डिसेंबर-जानेवारी. एकदा चाल आणि चेहरा डोळ्यांत बसला की मग मार्चचा शेवटचा आठवडा करून बघा, ईबर्डवर ताजी नोंद असेल तरच. एप्रिलमध्ये ऊन आठ वाजताच हवा हलवायला लागतं, आणि १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान आहे. त्या आठवड्यात रामा २ वर गाडी घालू नका.